पासवर्डचा तक्ता चोरीला गेल्यावर

सालवड, कोलवडे, कुंभवली अशा गावांच्या जमिनीवर तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. औषधं, रसायनं, कापड, पोलाद असं बरंच काही इथे तयार होतं. यातल्या कुठल्याही मध्यम कारखान्याच्या ऑफिसात गेलात तर हजेरी एका सॉफ्टवेअरवर, पगारपत्रक दुसऱ्यावर, स्टोअरचा हिशेब तिसऱ्यावर आणि ठेकेदाराच्या माणसांची नोंद चौथ्यावर दिसेल. एखादं पॅकेज मोठ्या कंपनीचं असतं, एखादं ओळखीतल्या कुणा हुशार मुलाने महिनाभरात बांधून दिलेलं असतं. सगळ्यांना युजरनेम आणि पासवर्ड लागतो. आपण टाइप केलेला पासवर्ड पुढे कुठे जातो आणि कसा ठेवला जातो, हे मात्र सॉफ्टवेअर विकत घेताना कुणी विचारत नाही. किंमत विचारतात, ‘जीएसटी धरून का?’ विचारतात, आणि सही करतात.

खरं तर परीक्षा सोपी आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर टिचकी मारायची. तुम्हीच पूर्वी ठेवलेला पासवर्ड जसाच्या तसा ईमेलने किंवा एसएमएसने परत आला, तर समजायचं की तो वाचता येईल अशा रूपात कुठेतरी पडून आहे. तुम्हाला तो वाचता आला, म्हणजे सॉफ्टवेअर बांधणाऱ्यालाही येतो आणि उद्या सर्व्हरमध्ये घुसणाऱ्यालाही येणार. नीट बांधलेलं सॉफ्टवेअर जुना पासवर्ड सांगूच शकत नाही. त्याला तो ठाऊकच नसतो. ते नवा ठेवायची लिंक पाठवतं आणि मोकळं होतं.

ठाऊक नसलेला पासवर्ड बरोबर आहे की चूक, हे मग ते ओळखतं कसं? जुन्या मस्टरवर कामगार अंगठा उठवायचे, ते आठवा. अंगठ्यावरून ठसा निघतो, ठशावरून अंगठा घडवता येत नाही. आणि तरी उद्या तोच माणूस पुन्हा अंगठा उठवेल तेव्हा दोन ठसे ताडून बघता येतात. हॅश म्हणजे पासवर्डचा असा गणिती ठसा. कितीही लांबीचा मजकूर आत घाला, बाहेर ठरावीक लांबीची एक निरर्थक दिसणारी ओळ येते. तोच मजकूर पुन्हा घातला की तीच ओळ, आणि ओळीवरून मजकुराकडे परत जायचा रस्ता नाही. सॉफ्टवेअर फक्त ही ओळ साठवतं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश पुन्हा काढून साठवलेल्याशी ताडतं.

ही उपमा मात्र इथेच सोडून द्यायला हवी, कारण खऱ्या अंगठ्याचं असं होत नाही. कारखान्याच्या गेटवरच्या मशीनवर बोट ठेवलं की दर वेळी दाब वेगळा, कोन वेगळा, कधी बोटाला ग्रीस, कधी घाम. मशीन दोन ठसे किती जवळचे आहेत हे मोजतं. तंतोतंत सारखे ते कधीच नसतात. हॅशला तर एका अक्षराचाही फरक चालत नाही. म्हणून बोटाचे ठसे पासवर्डसारखे हॅश करून ठेवता येत नाहीत आणि त्यांची चोरी जास्त महागात पडते. पासवर्ड बदलता येतो, बोट कुठून बदलणार?

एका अक्षराचा फरक म्हणजे काय, ते एमडी५ या जुन्या हॅशवर बघू. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी तो १९९२ साली प्रसिद्ध केला. ‘१२३४५६’ (अर्थात इंग्रजी आकड्यांत) या जगप्रसिद्ध पासवर्डचा एमडी५ ‘ई१०एडीसी३९४९’ असा सुरू होतो आणि ३२ चिन्हांत संपतो. शेवटचा ६ काढून टाका, तर हॅश ‘८२७सीसीबी०’ असा सुरू होतो. दोघांत कसलंही साम्य नाही. पण पहिली ओळ सुरक्षेच्या क्षेत्रातली माणसं बघताक्षणी ओळखतात, इतकी ती ठिकठिकाणच्या चोरलेल्या तक्त्यांत सापडली आहे. परतीचा रस्ता नाही हे खरं, पण ओळखीचा चेहरा असेल तर रस्त्याची गरजच काय! पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीतून घडलं.

सुरुवातीला तर हॅशही नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या दशकात अनेकांनी मिळून वापरायचा सीटीएसएस नावाचा संगणक होता, त्यात पासवर्डची फाइल उघडी होती. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावर मिळणारा वेळ पुरेना, म्हणून त्याने ती फाइल चक्क छापून घेतली. १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला ‘आजचा निरोप’ म्हणून सगळ्यांचे पासवर्ड दिसले. इंग्लंडमध्ये केंब्रिजला रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात एकेरी रस्त्याची युक्ती वापरायला सुरुवात केली. पण ती खऱ्या अर्थाने रुजली युनिक्स या कार्यप्रणालीमुळे.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या बेल लॅब्जमधल्या दोघांनी १९७९ मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. पासवर्ड साठवण्याबद्दल आजही जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं त्या मोजक्या पानांत आहे, आणि ते वाचताना लाज वाटते, कारण त्यातल्या चुका आपण अजून करतो. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले १५ तर एकेका अक्षराचे होते. ७०६ पासवर्ड पाच अक्षरी, ६०५ सहा अक्षरी, सगळे एकाच प्रकारच्या लिपीतले. ४९२ सरळ शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडले. एकूण ८६ टक्के पासवर्ड अंदाजाने काढण्याजोगे निघाले.

या निबंधात दोन कल्पना होत्या. पहिली, हॅश मुद्दाम हळू असावा. युनिक्सची आधीची पद्धत पीडीपी-११/७० या यंत्रावर सव्वा मिलिसेकंदात एक प्रयत्न करत होती, म्हणजे पाच छोट्या अक्षरांचे सगळे पासवर्ड चार तासांत पालथे घालता यायचे. म्हणून त्यांनी डीईएस ही गुप्तलेखनाची पद्धत घेतली आणि ती एकामागोमाग २५ वेळा फिरवली. बाजारात मिळणाऱ्या डीईएसच्या वेगवान चिपा चोराला वापरता येऊ नयेत म्हणून तिच्या आतल्या रचनेतही किंचित फेरफार केला. दुसरी कल्पना सॉल्टची. प्रत्येक पासवर्डसोबत एक यादृच्छिक संख्या जोडायची आणि मग हॅश काढायचा. त्यामुळे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात, आणि चोराला आधीच सगळे हॅश काढून यादी तयार ठेवता येत नाही. त्यांच्या सॉल्टच्या ४,०९६ शक्यता होत्या. त्या काळी पुष्कळ झाल्या.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण तो मुलाखतीला आलेल्या मुलांच्या तोंडूनही ऐकू येतो. सॉल्ट गुप्त नसतो. तो हॅशच्या शेजारीच उघडा ठेवलेला असतो. त्याचं काम लपण्याचं नाही. चोराला प्रत्येक माणसासाठी पहिल्यापासून मेहनत करायला लावण्याचं आहे.

आता मुंबईकडे येऊ. सालवडपासून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की तारापूरचं अणुवीज केंद्र लागतं. १९६९ च्या ऑक्टोबरपासून तिथे व्यापारी तत्त्वावर वीज तयार होते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे म्हणजे बीएआरसीचे प्रकल्पही तारापूरला आहेत. त्यामुळे शेजारच्या बोईसर परिसरात ‘बीएआरसीत आहेत’ हे शब्द लग्नाच्या बोलणीत वजनदार ठरतात. बीएआरसीचं मुख्य ठाणं मात्र मुंबईत, ट्रॉम्बेला. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या, आणि जूनच्या सुरुवातीला ‘मिलवर्म’ असं नाव घेतलेली परदेशी मुलांची टोळी बीएआरसीच्या सर्व्हरमध्ये शिरली. अमेरिका, इंग्लंड, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा देशांतली ही पोरं, १६ ते १८ वर्षांची. त्यांनी ईमेल उतरवून घेतले, केंद्राच्या वेबपानावर अणुस्फोटाचा ढग आणि अण्वस्त्रविरोधी संदेश लावला, आणि पुरावा म्हणून कागदपत्रं ‘वायर्ड’च्या पत्रकाराला पाठवली. केंद्राने आधी इन्कार केला, मग घुसखोरी झाल्याचं मान्य केलं. सेंडमेल या टपाल हाताळणाऱ्या प्रोग्रॅममधली माहीत असलेली फट बुजवायची राहिली होती, असं कारण पुढे आलं.

पासवर्डच्या दृष्टीने खरी गंमत वेगळीच आहे. ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने नोव्हेंबर १९९८ मध्ये या प्रकरणावर मोठा लेख छापला. त्यात एका शाळकरी वयाच्या मुलाने आपण सगळ्यांत आधी आत कसे शिरलो ते सांगितलं आहे. त्याने ‘जॉन द रिपर’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. सोलर डिझायनर या टोपणनावाच्या रशियन प्रोग्रॅमरने तो १९९६ मध्ये बनवला होता, आणि युनिक्सचे डीईएस हॅश फोडणं हेच त्याचं काम. मुलाच्या सांगण्याप्रमाणे ४५ सेकंदांत एक खातं उघडलं. त्या खात्याचं नाव आणि पासवर्ड एकच होते.

म्हणजे बीएआरसीने पासवर्ड उघडे ठेवले नव्हते. हॅश होता, सॉल्ट होता, मॉरिस-थॉम्पसन यांनी घालून दिलेली पद्धत तंतोतंत पाळलेली होती. पण ती १९७९ ची पद्धत होती आणि साल १९९८ होतं. जो हॅश पीडीपी-११ वर हळू होता तो घरच्या पेंटियमवर धावत होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने एक खास यंत्र बांधून डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली. अर्थात नाव तोच पासवर्ड असेल तर त्या यंत्राचीही गरज नव्हती. माझ्या मते ट्रॉम्बेच्या प्रकरणातून इंजिनिअरांनी घ्यायची गोष्ट हीच आहे: ‘आमच्याकडे पासवर्ड हॅश केलेले असतात’ हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. कुठल्या हॅशने, किती हळू, आणि ते शेवटचं कधी तपासलं, हे विचारावं लागतं.

किती हळू, याचे आकडे मांडतो. २०२२ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड घ्या. गेम खेळणारी मुलं ते हौसेने घेतात. हॅशकॅट नावाचा प्रोग्रॅम त्यावर एमडी५चे सेकंदाला सुमारे १६,४०० कोटी प्रयत्न करतो. इंग्रजी छोट्या लिपीतली आठ अक्षरं, कुठलीही, कशीही मांडा. एकूण मांडण्या होतात सुमारे २०,८८३ कोटी. एमडी५ असेल तर सगळ्या मांडण्या सव्वा सेकंदात संपतात. चहा ओतायलाही जास्त वेळ लागतो.

याच कार्डावर बीक्रिप्ट नावाचा हॅश ठेवला तर चित्र बदलतं. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएरेस यांनी तो १९९९ मध्ये ओपनबीएसडी या कार्यप्रणालीसाठी मांडला. बीएआरसीच्या घटनेनंतर जेमतेम वर्षभराने, हा योगायोगच. त्यात कॉस्ट नावाचा एक आकडा असतो. तो एकाने वाढवला की हॅशला लागणारा वेळ दुप्पट होतो. यंत्रं वेगवान झाली की आकडा वाढवायचा, पद्धत तीच ठेवायची. मॉरिस-थॉम्पसन यांचा २५ हा आकडा पद्धतीतच कोरलेला होता, इथे तो पट्टी सरकवावी तसा सरकतो. कॉस्ट ५ ठेवला तर ४०९० कार्ड सेकंदाला सुमारे १ लाख ८४ हजार प्रयत्न करतं. कॉस्ट १२ ठेवला तर साधारण १,४४०. आता त्याच आठ अक्षरांच्या सगळ्या मांडण्या करायला साडेचार वर्षांहून जास्त काळ लागेल, तोही एका माणसाच्या पासवर्डसाठी.

पण चोर सगळ्या मांडण्या करत बसत नाही. त्याच्याकडे याद्या असतात. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले, तेही उघडे, हॅशशिवाय. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांची बाराखडी आहे. समजा, सालवडच्या एका कारखान्यात ६०० माणसांची खाती आहेत आणि चोराकडे नेहमीच्या १ कोटी पासवर्डची यादी आहे. सॉल्ट नसलेला एमडी५ असेल तर यादीचे हॅश एकदाच काढून ६०० जणांशी ताडता येतात. काम एका सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात होतं. बीक्रिप्ट कॉस्ट १२ असेल तर एका माणसासाठी यादी संपवायला जवळजवळ दोन तास, आणि प्रत्येकाचा सॉल्ट वेगळा असल्यामुळे ६०० जणांसाठी ४८ दिवस. तेवढ्या वेळात चोरी लक्षात आली तर सगळ्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात. पासवर्ड ‘१२३४५६’ असलेले कामगार पहिल्या मिनिटातच सापडतील, त्याला हॅश काही करू शकत नाही. बाकीच्यांना मात्र वेळ मिळतो, आणि हॅशकडून खरेदी करायचा तो वेळच.

फुकट मात्र काही मिळत नाही. चोराला हळू तो हॅश आपल्या सर्व्हरलाही हळूच. सकाळी सातला पहिली शिफ्ट लागते, ६०० माणसं पाच-दहा मिनिटांत लॉगिन करणार. एका हॅशला पाव सेकंद लागत असेल तर प्रोसेसरच्या एका कोअरला अडीच मिनिटांचं काम झालं. चार कोअरचा साधा सर्व्हर ते सहज उचलतो. कॉस्ट आणखी चार-पाच घरं वर नेला तर गेटवर रांग लागेल आणि शिफ्ट इनचार्ज सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावेल. म्हणून कॉस्ट स्वतःच्या सर्व्हरवर मोजून ठरवायचा, इंटरनेटवरून उचलायचा नाही.

बीक्रिप्टनंतर आलेल्यांनी वेळेसोबत स्मृतीचीही किंमत लावली. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे गणक एकदम काम करतात, पण प्रत्येकाला भरपूर मेमरी द्यायला ते कार्ड बनलेलं नाही. कॉलिन पर्सिव्हल यांचा एससीक्रिप्ट २००९ मध्ये याच जागी बोट ठेवून आला. मग पासवर्ड हॅशची एक खुली जागतिक स्पर्धा झाली आणि २०१५ मध्ये लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या बिर्युकोव्ह, दिनू आणि खोव्रातोविच यांचा आर्गॉन२ जिंकला. ओडब्ल्यूएएसपी ही सुरक्षेचे संकेत ठरवणारी संस्था आज नव्या कामासाठी आर्गॉन२आयडी सुचवते, दर हॅशला किमान १९ मेगाबाइटच्या आसपास मेमरी देऊन. तो मिळत नसेल तर एससीक्रिप्ट किंवा बीक्रिप्ट. आणि सरकारी नियमांमुळे पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरणं भाग असेल तर शा-२५६ या हॅशसोबत ६ लाख फेऱ्या. स्वतःची पद्धत शोधून काढू नये. दोनदा एमडी५, मग उलटं करून पुन्हा एमडी५, मध्ये कंपनीचं नाव, असले प्रकार लहान सॉफ्टवेअरांत दिसतात. बनवणाऱ्याला त्याचा अभिमान असतो आणि फोडणाऱ्याला पाच मिनिटं जास्त लागतात.

हे जुनं भूत उतरत का नाही? पीएचपीमध्ये एमडी५ काढायला एका शब्दाचं फंक्शन आहे, आणि कितीतरी वर्षं नवशिक्यांच्या पुस्तकांत लॉगिनचं उदाहरण त्यावरच असायचं. बीक्रिप्ट वापरणारं सोपं फंक्शन पीएचपीत २०१३ मध्ये आलं. तोपर्यंत हजारो सॉफ्टवेअरं बांधून झाली होती. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १.७ कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेली. त्यातल्या ६६ लाखांच्या नोंदींत पासवर्डचे हॅश होते, आणि ते सॉल्ट घातलेल्या एमडी५चे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये बिगबास्केटच्या दोन कोटींहून जास्त ग्राहकांचा तक्ता गेला, पुढच्या एप्रिलमध्ये तो फुकट वाटला गेला, त्यात शा-१ हा वेगवान हॅश होता. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतल्या भाजीच्या आणि जेवणाच्या ऑर्डरी त्या तक्त्यांशी जोडलेल्या होत्या. वेगवान हॅश निवडल्याचा दोष एका कंपनीचा म्हणता येत नाही, तो त्या काळातल्या सवयीचा होता. सवय मात्र सोडता येते, आणि जुन्या ग्राहकांना त्रास न देता. प्रत्येकाचा जुना एमडी५ घ्यायचा, त्यालाच पासवर्ड समजून त्यावर बीक्रिप्ट काढायचा आणि मूळ एमडी५ पुसून टाकायचा. हे एका रात्रीत होतं. मग एकेक माणूस लॉगिन करेल तसा त्याचा हॅश नव्या पद्धतीने थेट काढून बदलायचा.

कुलूपबंद गुप्तलेखन हा हॅशला पर्याय ठरत नाही, हेही सांगायला हवं, कारण ‘एन्क्रिप्ट केलंय’ हे वाक्य ठेकेदार मोठ्या आत्मविश्वासाने टाकतात. गुप्तलेखनाला किल्ली असते आणि किल्ली असलेला सगळं उलगडू शकतो. ॲडोबीच्या १५ कोटींहून जास्त खात्यांचा तक्ता २०१३ मध्ये गेला, त्यातले पासवर्ड गुप्तलेखन केलेले होते. सॉल्ट नसल्यामुळे सारखे पासवर्ड सारखे दिसत होते, आणि शेजारी ग्राहकांनीच लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या. लोकांनी त्यातून अक्षरशः शब्दकोडी सोडवली.

सगळं नीट करूनही एक गळती उरते. मे २०१८ मध्ये ट्विटरने ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. बीक्रिप्ट होताच, पण हॅश काढण्याआधी पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. फेसबुकमध्येही असंच झाल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं. चूक शोधायला म्हणून प्रोग्रॅमर येणारी प्रत्येक विनंती फाइलीत लिहून ठेवतो, सॉफ्टवेअर चालू होतं, आणि ती ओळ काढायची राहते. हॅशची निवड तपासणाऱ्याने लॉगची फाइलही उघडून बघावी.

कायद्याने हा विषय आपल्याकडे २०११ पासून आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या त्या वर्षीच्या नियमांत ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ची जी यादी आहे तिच्यात पहिला शब्द पासवर्ड हाच आहे, बँकेचा तपशील आणि आजारपण त्यानंतर येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कारखानदारांना प्रदूषण मंडळाची नोटीस चांगली कळते, ही भाषाही कळेल.

कारखान्यांत दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा जो नियम असतो, त्याचा उलटा परिणाम होतो. माणसं ‘सालवड@०१’ नंतर ‘सालवड@०२’ करतात, आणि चोराचा प्रोग्रॅम शेवटचा आकडा वाढवून बघायला शिकलेला असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ मध्ये असा जबरदस्तीचा बदल काढून टाकायला सांगितलं. पासवर्ड लांब असू द्या, चोरलेल्या याद्यांत तो आहे का ते तपासा, आणि चोरीचा संशय आला तरच बदलायला लावा, असं त्यांचं म्हणणं.

लांब पासवर्ड मराठीत ठेवावा, असं पुष्कळांना सुचतं. कल्पना चांगली आहे, कारण चोरांच्या याद्यांत देवनागरी फार कमी असते. पण इथे असे खड्डे आहेत जे इंग्रजीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला दिसतच नाहीत. समजा, कुणी ‘सातपाटीच्या वाऱ्यावर पापलेट’ असा ऐसपैस पासवर्ड ठेवला. संगणक अक्षर, काना, वेलांटी, मात्रा, हलन्त यांना वेगवेगळी चिन्हं मानतो. इथे ती २५ होतात. यूटीएफ-८ या मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. दोन रिकाम्या जागा धरून एकूण ७७ बाइट. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतो आणि पीएचपीसारख्या ठिकाणी पुढचे मुकाट्याने टाकून देतो. म्हणजे ‘पापल’पर्यंत बरोबर लिहिलं की पुढे कुठलंही देवनागरी चिन्ह चालून जातं. ‘पापलेट’च्या जागी ‘पापलका’ लिहा, दार उघडेल. इंग्रजीत ७२ अक्षरांचा पासवर्ड कुणी ठेवत नाही, म्हणून ही मर्यादा तिथे कुणाला टोचत नाही. मराठीत चोविसाव्या चिन्हालाच ती गाठते. आर्गॉन२ला अशी अडचण नाही.

दुसरा खड्डा ‘वाऱ्यावर’मधल्या ऱ्य चा. हे जोडाक्षर तीन तऱ्हांनी टाइप होतं: मराठीसाठी वेगळा ठेवलेला ऱ वापरून, साध्या र ला नुक्ता लावून, किंवा र् नंतर जोडणारं अदृश्य चिन्ह घालून. फोनचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरतो, ऑफिसातल्या संगणकाचा दुसरी. पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात; हॅश तिन्हींचे तीन. माणूस फोनवर पासवर्ड ठेवतो, दुसऱ्या दिवशी संगणकावर बरोबर लिहितो आणि ‘चुकीचा पासवर्ड’ वाचून वैतागतो. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण हॅशच्या आधी चालवलं तर पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही. तिच्यासाठी र्, त्यानंतरचं अदृश्य चिन्ह, असा क्रम दिसला की तो ऱ् ने बदलायचा नियम वेगळा लिहावा लागतो. नुसतं अदृश्य चिन्ह गाळलं तर ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं आणि हॅश पुन्हा वेगळा. बोईसरला बसून सॉफ्टवेअर बांधणाऱ्याने हे चार ओळींचं काम करून, एकच मराठी पासवर्ड फोनवरून ठेवून आणि संगणकावरून उघडून बघितला, तरी हा भाग पूर्ण होतो.